चिठ्ठीची मागची बाजू

प्रिय दादास,

धाकट्याचा प्रभूच्या नावाने सलाम. तुझा गुडघा, वहिनीचा दमा आणि तुम्हा दोघांमधला अबोला, हे तिन्ही एव्हाना बरे झाले असतील अशी आशा आहे. (तिसरा नसेल झाला तर कळव, पहिल्या दोहोंना डॉक्टर आहेत.) इकडे सगळं ठीक. माझी तब्येत कशी आहे हे तुझी भावजय मला रोज सांगत असते, त्यामुळे स्वतः लक्ष घालावं लागत नाही.

आता मूळ गोष्टीकडे येतो, म्हणजे आधी थोडा मागे जातो. अकरा वर्षांपूर्वी तू तरुण संघाच्या कमिटीचा चिटणीस झालास आणि पहिलं काम काय केलंस, तर तोवर तू चालवत असलेला आमच्या चर्चच्या मंडळीचा तरुण संघ माझ्या गळ्यात अडकवलास. फक्त दोन महिने, दुसरा माणूस मिळेपर्यंत, असं म्हणाला होतास. तो दुसरा माणूस जिथे कुठे असेल तिथे तुझे दोन महिने किती लांबतात हे कळून लपून बसला असावा. त्या वेळी संघात एकतीस पोरं होती. आता सात आहेत. शनिवारी संध्याकाळी पाचला मंडळीच्या मागच्या खोलीत आम्ही जमतो. तिथे पाय डुगडुगणारी बाकं आहेत आणि भल्या माणसांनी दान दिलेली तीन भिंतीवरची घड्याळं आहेत, तिन्हींची वेळ वेगळी. (माझं बोलणं किती लांबलं याबद्दल त्यामुळे खात्रीने कोणालाच काही सांगता येत नाही.) मी बायबलच्या वचनावर बोलत असतो तेव्हा गिटारवाला तारा जुळवत असतो. दोघी जुळ्या बहिणी एकमेकींकडे बघून आवाज न करता हसत असतात. आणि एक आमेनबाई आहे. वय एकोणीस, शिवणकामाच्या कारखान्यात नोकरी, आणि दोन वर्षांत संघात तिच्या तोंडून ‘आमेन’खेरीज दुसरा शब्द बाहेर पडलेला नाही. तोही ती जरा लवकरच म्हणते, माझं संपावं म्हणून.

दादा, लपवत नाही, मी आटून गेलो होतो. दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांच्या डोळ्यांपुढे काचा बदलून ‘आता कसं दिसतंय?’ विचारायचं, आणि शनिवारी जे सात जणांना दाखवायचं ते आपल्यालाच दिसेनासं झालेलं. माझं बोलणं कोणाच्या मनात शिरतं की भिंतीवर आपटून परत माझ्याच अंगावर येतं, तेही कळेना. शेवटी सोडायचं ठरवलं. राजीनामा लिहून काढला. पण तो लिहिल्यावर हलकं वाटायला हवं होतं, ते वाटेना. तेव्हा म्हटलं, जाण्याआधी आपणही एकदा डब्यात चिठ्ठी टाकून बघू.

तुझ्या वेळी हा डबा नव्हता, म्हणून सांगतो. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा आहे. दर शनिवारी ज्याला जे मागायचं ते त्याने नाव न घालता चिठ्ठीवर लिहून त्यात टाकायचं. मग एकेकाने एकेक चिठ्ठी काढायची. ती हातोहात फिरते, प्रत्येक जण मनातल्या मनात वाचतो. काढणाऱ्याने त्या अनोळखी माणसासाठी आठवडाभर प्रार्थना करायची, पुढच्या शनिवारी सगळ्यांसमोर करायची आणि चिठ्ठी फाडायला माझ्याकडे द्यायची. चिठ्ठी कोणाची हे शोधायचं नाही, आणि चुकून कळलंच तर कळलं नाही असं वागायचं. हा नियम मी केला आणि तो पाळण्यावरून अकरा वर्षं पोरांचा जीव खाल्ला.

तर मी दुकानात बसून लिहिलं, ‘एक माणूस थकला आहे. देवाच्या कामात त्याला आनंद उरलेला नाही. सोडून जावंसं वाटतं.’ अक्षर ओळखू येऊ नये म्हणून डाव्या हाताने लिहिलं. डावा हात इतका गचाळ निघाला की मलाच ती चिठ्ठी परक्याची वाटली. स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन शनिवारी डब्यात टाकली. ती नेमकी आमेनबाईने काढली. चिठ्ठ्या फिरत असताना मी नेहमीप्रमाणे भक्तिभावाने डोळे मिटून बसलो होतो.

पुढच्या आठवड्यात दुकानात अचानक वर्दळ वाढली. सोमवारी गिटारवाला चांगल्या घट्ट फ्रेमचे स्क्रू घट्ट करून घ्यायला आला आणि तासभर बसून राहिला. मंगळवारी जुळ्या आल्या, डोळे तपासा म्हणाल्या. दोघींनी शेवटची बारीक ओळसुद्धा घडाघडा वाचली आणि दुकान छान आहे म्हणून निघून गेल्या. शुक्रवारपर्यंत सातही जण येऊन गेले. मी बायकोला म्हटलं, नव्या पाटीचा परिणाम दिसतोय.

शनिवारी आमेनबाईची पाळी आली. मी म्हटलं, ही आमेन म्हणेल आणि बसेल. ती उभी राहिली, चिठ्ठी दोन्ही हातांत धरली, आणि बोलायला लागली.

“प्रभू, ही चिठ्ठी कोणाची ते मला माहीत नाही. माहीत करून घ्यायचं नाही असा आमच्याकडे नियम आहे. त्या माणसाला वाटतं कोणी ऐकत नाही. मला बोलता येत नाही, पण तो सांगतो ते मी आठवडाभर मशीनच्या आवाजात परत परत स्वतःला सांगते. त्यावरच माझा आठवडा निघतो. तो गेला तर मला जुन्यावरच भागवावं लागेल. म्हणून त्याला जाऊ देऊ नकोस. आणि त्याचं बोलणं थोडं आखूड कर.”

सगळे आमेन म्हणाले. त्या दिवशी आमेन म्हणायला उशीर झाला तो मलाच.

मग तिने चिठ्ठी माझ्या हातात दिली. फाडण्याआधी उलटून पाहिली. मागे आमच्या दुकानाचा शिक्का, पत्ता, आणि खाली उजवा डोळा, डावा डोळा असे छापील रकाने. माझ्याच टेबलावरचा कागद! मी जन्मभर इतरांचे डोळे तपासतो आणि कागदाची मागची बाजू बघत नाही. पण दादा, सात पोरांनी ती बघितली होती, आणि एकाच्याही चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. गिटारवाल्याने तारांना हात लावला नाही. जुळ्या हसल्या नाहीत. माझा नियम त्यांनी माझ्या तोंडावर, मला वाचवायला पाळला. अकरा वर्षांत यांना काय शिकवलं असं कोणी विचारलं तर मी हे सांगेन, आणि छाती इतकी फुगवून सांगेन की शर्टाची बटणं तुझी वहिनी पुन्हा लावील. (तुझी नव्हे, माझी बायको. आनंदात नाती चुकतात.) एकतीस पोरांचा संघ तू चालवलास, सातांचा माझा आहे. बदली करायला मी तयार नाही.

वहिनीला सलाम. कमिटीलाही सलाम, पण जरा लांबूनच.

तुझा, अजूनही दोन महिन्यांसाठीच नेमलेला,
धाकटा

ता. क. : या पत्राच्या आधी माझ्याकडून एक जाड पाकीट आलं असेल. राजीनामा त्यात आहे. लिहिला त्याच दिवशी तावातावाने पोस्टात टाकला होता. खरं तर हे सगळं पत्र त्यासाठीच. ते उघडू नकोस, आणि कमिटीसमोर तर मुळीच ठेवू नकोस.

पुन्हा ता. क. : उघडलं असशील तर पहिली तीन पानं विसर. चौथं वाचूच नकोस, ते तुझ्याबद्दल आहे.

शेवटचं ता. क. : चौथंही वाचलं असशील, तर त्यातला शब्दही मी मागे घेत नाही. पण परवा डब्यात तुझ्यासाठी एक चिठ्ठी टाकली आहे, की एका मोठ्या भावाला पाकिटं न उघडण्याची बुद्धी व्हावी. या खेपेला कागद दोन्ही बाजूंनी कोरा बघून घेतला. ती आमेनबाईने काढली. तेव्हा सांभाळून राहा. तिने मागितलेलं मिळतं, असा माझा ताजा अनुभव आहे.