पोच द्यावी

सोम., ४ सप्टें. २००६
ठरलं. यंदा मेलसाठी स्वतःचा पत्ता घ्यायचा, मेल जिथून सुटते तो आकड्यांचा, आयपी म्हणतात तो. कुणी कितीही डोकं खाल्लं तरी बदल नाही.
मागचा दसरा विसरलेले नाही. इथे अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजात शिकून पुण्याला गेलेल्या सगळ्या डॉक्टर मंडळींना सीताफळं विकायची मेल पाठवली, एकालाही मिळाली नाही. का, तर मेल पाठवणाऱ्या कंपनीच्या ज्या पत्त्यावरून माझी जाते, त्यावरूनच आणखी कितीतरी जणांच्या जातात, आणि त्यातल्या एका दिवट्याने लॉटरी लागल्याच्या मेल जगभर वाटल्या होत्या. पत्ता बदनाम झाला, त्यात मीही. धर्मापुरीच्या कौसामावशीच्या बागेतली, मी विकायला घेतलेली सगळी फळं आमच्या माळ्यावर पिकली. आठ दिवस रबडी आटवली आणि वाटली. शेवटी शेवटी गल्लीतली माणसं मला पातेलं घेऊन येताना बघून दार लावायला लागली.
ह्यांना सांगितलं. दुकानात पितळी घागर पुसत होते. "घे," म्हणाले. न ऐकताच म्हणाले, पण म्हणाले. म्हणून तारीख टाकून लिहून ठेवतेय.

मंगळ., ५
दिन्याचा फोन. धाकटा भाऊ, पण पुण्यात कॉम्प्युटरच्या नोकरीला लागल्यापासून थोरला झालाय. म्हणे, घेऊ नको.
"ताई, तू वर्षातून दोन महिने मेल पाठवणार. स्वतंत्र पत्ता रोज पाठवणाऱ्याने घ्यावा. सामायिकमध्ये बाकीच्यांच्या चांगल्या नावाचा तुला फायदा मिळतो."
"आणि वाईट नावाचा?"
"तोही मिळतो."
मग मांजरसुंब्याचं उदाहरण. काळी-पिवळीत दहा जण बसलेत, एकाच्या पिशवीत बाटली सापडली की नाक्यावर सगळी जीप थांबते. मी म्हटलं, म्हणून तर माझी मी मोटारसायकल घेतेय. तर म्हणतो, "मोटारसायकलवर पकडली गेलीस तर बोट दाखवायला शेजारी कुणी नसतं."
माझ्यावर बोट दाखवायची वेळ येत नाही. लहानपणापासून माहितीय त्याला.

गुरु., ७
गणपती काल गेले. आज सकाळच्या गाडीने धर्मापुरी. कौसामावशीची बाग देवळामागच्या माळावर. वय सत्तर, चष्मा नाही, झाडाखाली उभी राहून नुसतं वर बघून सांगते कुठलं फळ किती दिवसांनी तोडायचं. यंदा फांद्या वाकल्यात.
"यापारी येऊन गेलता," म्हणाली. "समदी बाग उक्ती मागतोय. म्या म्हनलं, मंगलला इचारल्याबिगर देनार न्हाई."
मी विचारलं, तुमच्या मनात काय आहे?
"त्यो एकाच दिशी समदं ओरबाडून नेतो. फळाचं डोळं उगडलेलं बगत न्हाई, कच्चं बगत न्हाई. फांद्या मोडितो. मला लई वंगाळ वाटतंय. पर नेतो तरी. तुजं मागल्या साली काय झालतं?"
"रबडी."
"लई रबडी झालती."
मग सगळं सांगितलं, पत्त्याचं, लॉटरीवाल्याचं. शांतपणे ऐकून घेतलं.
"म्हंजी दुसऱ्याच्या पापानं माजी फळं नासली व्हय?"
"हो."
"आन् यंदा?"
"यंदा माझ्या पत्त्यावर दुसरं कुणी नाही."
"बरं. मंग यंदा नासली तर तुजं पाप."
हसत म्हणाली, पण डोळे हसत नव्हते. मी शब्द दिला. सगळी बाग माझी. तिने माझ्यासमोर पुतण्याच्या मोबाइलवरून व्यापाऱ्याला नाही म्हणून सांगितलं. येताना गाडीत, अंबाजोगाई येईस्तोवर, टोपल्यांचा हिशेब मांडत बसले.

रवि., १०
पत्ता मिळाला. चार आकडे, मध्ये तीन टिंबं. आकड्यांवर कुंकू लावता येत नाही, नाहीतर लावलं असतं.
वहीत दोन रकाने केले, सा. पत्ता आणि स्व. पत्ता. सामायिक आणि स्वतःचा. ह्यांनी मागून वाचलं. "स्व. पत्ता? कधी वारला?"
शेजारच्या काकूही तेच. पितृपक्षात नवं काही सुरू करू नये म्हणे. आमच्यात पक्ष पाळत नाहीत, आणि पाळत असते तरी सीताफळं पाळत नाहीत. रकाना खोडला नाही.

सोम., ११
दिन्याने बजावलंय, नव्या पत्त्याला कुणी ओळखत नाही, एकदम सगळ्यांना पाठवू नको. आधी अगदी आपली माणसं. ती उघडतील, उत्तर देतील, मग पत्त्याची पत तयार होईल, मग हळूहळू बाकीचे. पटलं. नवी सून पहिल्याच दिवशी अख्ख्या गल्लीला जेवायला बोलावत नाही.
आपली माणसं म्हणजे डॉ. निर्मलाताई आणि त्यांची बॅच. ताई शिकत होत्या तेव्हा आमच्या माहेरी वरच्या खोलीत भाड्याने राहायच्या. मला फ्रॉकपासून ओळखतात. आता पुण्यात रिटायर, मुलाने अमेरिकेतून कॉम्प्युटर पाठवलाय.
मेल इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिली, कारण मराठी अक्षरांचे तिकडे चौकोन दिसतात. फळ कधी निघेल, ट्रॅव्हल्सने कुठे उतरवून घ्यायचं, सगळं आलं. पण उत्तर द्या असं तोंडावर कसं सांगायचं? अप्पांना विचारलं. सासऱ्यांची उभी हयात पत्रं लिहिण्यात गेली. लिंगपूजा आटोपून उठले, एका दमात सांगितलं: "खाली लिही, पत्र मिळाल्याची पोच द्यावी."
वा. सभ्य आणि नेमकं. लिहिलं. पाठवलं.

गुरु., १४
तिघांची उत्तरं. बाकी गप्प. डॉक्टर लोक, सवड नसेल. आज दुसरी मेल, त्यांना आणि आणखी थोड्या जणांना. पोच द्यावी हे या वेळी ठळक केलं.

सोम., १८
सकाळी कंपनीची मेल. इंग्रजीत, अगदी गोड. तुमच्या पत्त्याविरुद्ध तक्रारी आल्या आहेत. लोक तुमच्या मेलला नको असलेली रद्दी म्हणून कळवत आहेत. असंच चाललं तर पत्ता बंद करावा लागेल.
माझ्या? रद्दी?
तीनदा वाचली. मग वीज गेली, बरंच झालं.

मंगळ., १९
रात्रभर चडफडले. पहिला संशय कंपनीवर. लॉटरीवाल्याला माझ्याच पत्त्यावर बसवलं असेल. कडक पत्र लिहून काढलं, दोन पानं. दिन्याला वाचून दाखवलं.
"ताई, तक्रारी तुझ्याच यादीतल्या लोकांच्या आहेत. मी बघितलं."
"आपली माणसं तक्रार करत नाहीत."
"मग कुणी केली?"
फोन आपटला. मग दुसरा संशय व्यापाऱ्यावर. त्याच्याकडे तर कॉम्प्युटरच नाही, ह्यांनी आठवण करून दिली. ह्यांच्यावरही ओरडले. ह्यांनी घागरी पुसायचं सोडून माझ्यासाठी चहा करून आणला, तेव्हा जास्तच लाज वाटली.
कौसामावशीला कळवायचं? नको. अजून नको.

शुक्र., २२
आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.
दुपारी निर्मलाताईंचा फोन. आवाज पडलेला. "मंगल, रागावलीस का ग? तुझी मेल यायची बंद झाली."
मी म्हटलं, ताई, मी तर परवाही पाठवली.
"नाही आली. मी तर प्रत्येक मेलची लगेच पोच दिली होती."
"पोच? मला नाही मिळाली ताई. कशी दिलीत?"
"अगं, वर बटण आहे ना. रिपोर्टचं. मेल मिळाली, रिपोर्ट केलं."
विचारलं, बटणावर पुढे काय लिहिलंय?
"रिपोर्ट स्पॅम. ते स्पॅम म्हणजे मला वाटलं, पोचपावतीवर शिक्का मारतात ना, तसलं काहीतरी."
त्या पुढे सांगतच होत्या. मी सगळ्या बॅचला फोन केले, म्हणाल्या. मंगल बिचारी पोच मागतेय आणि कुणी देत नाही, बरं दिसतं का? कुणाला बटण सापडेना, त्यांना फोनवर समजावलं. सोलापूरच्या एकांना तर दोनदा.
म्हणजे रद्दी, रद्दी म्हणून माझ्या नावाने ज्यांनी शिक्के मारले ती सगळी माझीच माणसं. जितका जीव जास्त, तितकी पोच लवकर. आणि ती ओळ मी लिहिली. ठळकही मीच केली.
ताईंना काय चूक झाली ते सांगितलं. मग म्हणाल्या, "अगं आई ग. तुझी फळं?" आणि रडायलाच लागल्या. मग मीही. मग कोण आधी हसलं आठवत नाही, पण पोट दुखेपर्यंत हसलो.
कंपनीला लिहिलेलं पत्र फाडलं. दिन्याला फोन केला. त्याने "मी सांगितलं होतं" म्हटलं नाही. गुणाचा आहे.

शनि., २३
घट बसले. सकाळपासून फोन. ताई त्यांच्या बाजूने, मी माझ्या. ती मेल रद्दीतून परत काढा, "नॉट स्पॅम" म्हणा. एक रिटायर सर्जन मला म्हणाले, "आधी शिक्का मारायला लावता, मग पुसायला लावता, तुम्ही अंबाजोगाईचे लोक सुधारणार नाही." स्वतः इथेच सहा वर्षं खानावळीत जेवलेत.
अप्पांना कसं सांगायचं हा प्रश्न होता. सांगितलं. मग म्हणाले, "पोच मागणं चूक नव्हतं. पोच कशी द्यायची ते सांगितलं नाही, ते चुकलं."
दिन्या म्हणतो ती ओळ काढूनच टाक. नाही काढणार.

बुध., २७
कौसामावशी स्वतः आली. दोन टोपल्या दुकानाच्या पायरीवर. फळं ह्या तळहाताएवढी, डोळे पांढरे उघडलेले.
"शुक्करवारी पयला तोडा करावा लागतोय. त्याच्या म्होरं झाड ठिवत न्हाई. पोचली का तुजी मेल?"
खोटं सांगता आलं असतं. सगळं सांगितलं. बटण, शिक्का, निर्मलाताई. मधे मधे "अगं बया" म्हणत होती.
"म्हंजी दुसऱ्याचं पाप न्हाई."
"नाही. माझंच."
"तुजं कावून? त्यांनी मानानं क्येलं, तू मानानं मागितलं." पदराने तोंड पुसलं. "यापाऱ्याला फोन करू का मग?"
मी म्हटलं, उद्या सकाळी सांगते. उठली, जाताना टोपल्या ठेवून गेली. वजन कमी करायला नाही, दिलेला शब्द आठवावा म्हणून, हे मला कळतं.
संध्याकाळी कंपनीची पुन्हा मेल. हवं तर लगेच सा. पत्त्यावर परत या. तिथे जुनं नाव आहे, मेल बहुधा पोचेल. स्व. पत्ता ठेवायचा तर एकच संधी, पुन्हा तक्रार आली की हंगामभर बंद. उद्या दुपारपर्यंत कळवा. दिन्या म्हणतो, ताई, हट्ट सोड, परत जा. बहुधा म्हणजे निम्म्याहून जास्त.
बहुधावर मागच्या वर्षी रबडी झाली होती.

गुरु., २८
पहाटे उठून अंघोळ केली, अप्पांची पूजा होईपर्यंत माळ्यावर वाट बघितली. मग मजकूर लिहीत-खोडत दहा वाजत आले, आणि मेल पाठवली सगळ्या यादीला, एकदम. दिन्याचं ऐकलं नाही. कंपनीला एका ओळीत कळवलं, माझाच पत्ता राहू द्या.
मेलच्या खाली असं लिहिलं: "पोच द्यावी. कुठलंही बटण दाबू नये. उलट मेल पाठवून त्यात 'मिळालं' एवढा एकच शब्द लिहावा. शब्द पुरेसा आहे."
शब्दांपेक्षा बटणं सोपी असतात हे मला कळतं. पण ही माणसं मला ओळखतात. ज्यांनी चुकीचं बटण शोधून शोधून दाबलं, त्यांना एक शब्द लिहिणं जड जाणार नाही. बटण दाबण्याआधी दोनदा विचार करतील, आणि एखाद्याने नाहीच केला, तर ह्या वर्षीचा हंगाम गेला, आणि मावशीच्या तोंडाकडे मला बघता येणार नाही.
दहा वाजता तिच्या पुतण्याच्या मोबाइलवरून फोन. मागे वाऱ्याचा आवाज, माळावर उभी असणार.
"यापारी फाटकात हुबा हाय गं. काय सांगू त्याला? पोचली का?"
मेल जाऊन जेमतेम पाच मिनिटं झाली होती. उत्तर एकही नव्हतं. रद्दी म्हणून कळवल्याचंही नव्हतं, काहीच नव्हतं.
"त्याला परत पाठवा," म्हणाले. "उद्या तोडा."
"पोचली म्हन की."
"तोडा, मावशी."
मग तिने कुणाला तरी "जा रं बाबा" म्हटलेलं ऐकू आलं आणि फोन बंद झाला.
आता सव्वादहा. बाराला लाइट जाणार. खाली हे टोपल्यांतलं गवत बदलतायत, मी सांगितलं नव्हतं. पडद्यावर अजून काही नाही.