वरच्या मजल्यावरचा पैलवान

३ नोव्हेंबर, दुपारी ४.१०
पुन्हा सुरू. धप्प. धप्प-धप्प. धप्प.

पोछ्याच्या दांड्याने छताला अकरा रट्टे हाणले. दांडा मोडला. पोपडा डोळ्यात गेला. वरचा काही थांबत नाही. मुडदा बशिवला त्याचा!

खरं तर वर जाऊन त्याला खांद्यावरून आपटला असता. छत्तीस वर्षं बुचॉनच्या शाळेत ज्युदो शिकवलाय मी. पण ओकबुनची अट आहे. गेल्या महिन्यात पार्सलवाला लिफ्टपाशी आडवा झाला (तो स्वतः पडला, मी फक्त दिशा दिली), तेव्हापासून म्हणते, अहो, आणखी एका माणसाला हात लावलात तर मी हे घर सोडलं म्हणून समजा.

अडतीस वर्षांच्या संसारात बायको एकदाही कुठे गेलेली नाही. तरी शब्द म्हणजे शब्द.

संकल्प: हात नाही. आवाजाला आवाजाने उत्तर. मोठे स्पीकर आणून वरच्याची हाडं खिळखिळी करायची. आवाज म्हणजे हात नव्हे.

४ नोव्हेंबर
योंगसानच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात गेलो. दुकानदार योम. म्हणाला, काका, किती ओहमचा हवा? म्हटलं, असतील नसतील तेवढे दे. म्हणाला, फेज म्हणजे काय ते तरी माहीत आहे ना? आणि हसला. कॉलर धरली. शर्टाची. शर्ट म्हणजे माणूस नव्हे.

एक ॲम्प्लिफायर घेतला आणि दोन वूफर, धान्याच्या कोठीएवढे. वूफरमधून गाणं येत नाही, नुसता दणका येतो. मला तेवढंच हवंय. वर शब्दार्थांची एक पुस्तिका फुकट मिळाली. बहुधा कॉलरमुळे.

५ नोव्हेंबर
पुस्तिका मधूनमधून वाचली. सोपं आहे. लोक उगाच बाऊ करतात.

वॉट: ताकद. डेसिबल: मार किती बसला. ओहम: विरोध.

दोन्ही वूफर एकाच जोडणीत लावले तर ओहम कमी होतात आणि ॲम्प्लिफायर जळू शकतो, असं छापलंय. छपाईची चूक. दोघांनी मिळून विरोध केला की विरोध वाढतो. कुठल्याही स्टाफरूममध्ये जाऊन बघा.

६ नोव्हेंबर, ४ ते ५
शत्रूचा अभ्यास. स्टुलावर उभं राहून कान छताला. निष्कर्ष: पुरुष. वय चाळीस. वजन नव्वदच्या वर. डावा पाय जड. नक्की पैलवान. मध्येच बाईचं हसणं.

वॉचमन चॉन म्हणतो, अहो मास्तर, वर यांगबाई एकट्या राहतात, विधवा आहेत बिचाऱ्या. म्हणजे पैलवान लपवलाय! ओकबुनला सांगितलं तर तिच्या नाकातून बार्लीचा चहा बाहेर आला, इतकी हसली. तिचं काय जातंय? रोज चारला बुद्धमंदिरात जाते आणि नेमकी सुटते. भोगायचं मी.

८ नोव्हेंबर
पहिला हल्ला. दोन्ही वूफर एकाच जोडणीत. बटण पूर्ण फिरवलं. सात सेकंद काय ते वैभव! मग ॲम्प्लिफायरमधून धूर. त्याला ठोसा मारला. यंत्र माणसात धरत नाहीत. दोन बोटं सुजली.

धूर बघून चॉन धावत आला. मी आग विझवायचं नळकांडं चालवलं. त्याच्या तोंडावर. पांढराफटक होऊन म्हणाला, मास्तर, आग मागे आहे. त्याला हात लागलेला नाही. आमच्यात चांगलं दोन मीटर अंतर होतं.

ओहमबद्दल पुस्तिकेचं म्हणणं योगायोगाने बरोबर निघालं.

११ नोव्हेंबर
योमकडून वूफर बदलून आणले. ह्यांच्या पोटातच ॲम्प्लिफायर आहे, जोडाजोडीची कटकट नाही. मागे एक बटण: फेज, ० किंवा १८०. योम काउंटरच्या पलीकडूनच बोलत होता. म्हणाला, काका, दोन्हीची फेज सारखी ठेवा हां, नाहीतर एकमेकांना मारतील. मारतील म्हटल्यावर बरंच वाटलं.

साधी अक्कल आहे. १८० हे ० पेक्षा जास्त. डाव्या वूफरला १८० दिलं. उजव्याचं बटण सोफ्यामागे गेलंय आणि गुडघा वाकत नाही, म्हणून त्याला ० वरच ठेवलं.

१२ नोव्हेंबर, ४.०५
खुर्ची दोघांच्या बरोबर मध्ये. सुरू केलं. काहीच नाही. आवाज वाढवला. मांजर घोरावं तेवढंच. पूर्ण वाढवला. तरी तेच. तासभर तसंच चालू ठेवून छताकडे बघत बसलो. पैलवान वर मजेत नाचत होता.

५.१५
लिफ्टपाशी ह्यॉन आजी गाठ पडली. आमच्या खालीच राहते. वय अठ्ठ्याहत्तर. हातात सुका पोलॉक मासा. हा मासा रश्शात घालण्याआधी हातोडीने ठेचावा लागतो. म्हणाली, मेल्या, तासभर माझ्या कपाटातली भांडी नाचतायत, देवाची तसबीर पडली! आणि त्या माशाने माझ्या नाकावर तीन ठेवून दिले.

मी हात उचलला नाही. अट म्हणजे अट. ज्युदोत समोरच्याच्या ताकदीचा उपयोग करतात. आजीकडे ती भरपूर होती.

१३ नोव्हेंबर
नाकात कापूस. ओकबुन बर्फ लावताना म्हणाली, आता तरी सोडा हो. म्हटलं, एकच दिवस.

पुस्तिका आडवं पडून वाचली. एक वूफर उलट्या फेजमध्ये असला की मधोमध बसलेल्याच्या कानापर्यंत दोघांचा दणका पोचतच नाही. बाकी सगळीकडे पोचतो. म्हणजे अख्ख्या इमारतीत ज्याला काही ऐकू आलं नाही तो एकटा मी. ही गोष्ट पहिल्या पानावर आहे. पहिलं पान प्रस्तावनेचं असतं, ते कोण वाचतं?

१४ नोव्हेंबर, ४.२०
विज्ञान पुरे झालं. वर गेलो. दाराला लाथ. दुसरी लाथ. दार उघडलं, पैलवानाचा हात दिसला, तो धरला, कॉलर धरली, पाय अडकवायला पुढे टाकला.

पुढच्या क्षणी मी पाठीवर. अतिशय सफाईदार फेक. डावा पाय जड.

ओकबुन होती. घामाघूम, गुलाबी बूट. मागे यांगबाई, तोंडावर हात धरून. टीव्हीवर नाचाचा वर्ग चालू. ओकबुन म्हणाली, उठा. तुमचा नव्वद किलोचा पैलवान मीच. अडतीस वर्षं तुमची फेकाफेक बघतेय, एखादी तरी येणारच ना? मग आवाज खाली आणून म्हणाली, दिवसात हा एकच तास मी हसते. आणि हात लावलात.

मी म्हटलं, बायको ह्यात धरलेली नव्हती. तिने दार लावलं.

पडावं कसं हे मी छत्तीस वर्षं शिकवलंय. त्यामुळे पडलो उत्तम.

१५ नोव्हेंबर
वरच राहिली. उद्या येईल. दुर्लक्ष करायचं धोरण आहे.

१९ नोव्हेंबर
दुर्लक्ष चालू आहे. तिला अजून कळलेलं दिसत नाही. रामेन करपलं. भांडं भिंतीवर फेकलं. भिंतही पुसावी लागली.

यंदाची किमची, हिवाळ्यासाठीचं कोबीचं लोणचं, तिने वरच घातली. चॉनच्या हाती एक डबा आला. झाकणाखाली चिठ्ठी असेल म्हणून दोनदा पाहिलं. नव्हती.

२३ नोव्हेंबर
सोफा ढकलला, गुडघा वाकवला, दोन्ही फेज सारख्या केल्या. लग्नात वाजलेलं गाणं हळू लावलं. काय आवाज! पोटात हलतं. इतके दिवस हे यंत्र असं वाजू शकतं हे मला ठाऊकच नव्हतं.

वरची पावलं थांबली. अर्धं गाणं झालं असेल. मग त्यांनी टीव्ही मोठा केला. वूफरला लाथ घातली. अंगठा गेला.

२७ नोव्हेंबर, ४.३०
वर काही नाही.

२८ नोव्हेंबर, ४.३०
काही नाही. स्टुलावर चढून कान लावला. काही नाही.

२९ नोव्हेंबर, ५.००
इंटरकॉमवरून चॉनला झापलं. तीन दिवस वर पाऊल वाजलेलं नाही, तू करतोस काय? म्हणाला, मास्तर, वहिनी आणि यांगबाई जेजू बेटावर गेल्यात ना, पंधरा दिवसांसाठी? तुम्हाला माहीत नाही? म्हटलं, माहीत नसायला काय झालं, तिकिटं मीच काढली. बरं म्हणाला. मग मास्तर, रजिस्टरात तक्रार काय लिहू?

म्हटलं, वरून आवाज येत नाही, असं लिही.

पलीकडे पेन खरडल्याचा आवाज आला. मग म्हणाला, लिहिलं, मास्तर. जेवलात का?