बातमीखालचं नाव

बाबा, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमसरच्या बाजारात आपल्या बारदान्याच्या दुकानाबाहेरचा तो काळा फळा मला लख्ख दिसतो. रिकाम्या पोत्यांच्या थप्पीला टेकून तुम्ही उभे आहात, हातात खडू, आणि कोणती राईस मिल कधी सुरू होणार, चिखल्याच्या खाणीवर कोणाचे ट्रक लागले, ते लिहिता आहात. प्रत्येक बातमीखाली ती सांगणाऱ्याचं नाव. दहावीत असताना एकदा मीही मोठ्या ऐटीत लिहिलं, एक मिल बंद होणार म्हणून. तुम्ही चारचौघांत विचारलंत, "कोनं सांगतलं तुले?" लोक म्हणतात, असं मी पुटपुटले. "लोक म्हंजे कोन? नाव लिही, नाही तं पूस." मी ओढणीनं पुसलं आणि आठवडाभर तुमच्याशी बोलले नाही.

तीन महिन्यांपूर्वी तोच फळा मोबाइलवर आणायचा म्हणून मी एक वेबसाइट काढली. जिल्ह्यातल्या धंद्यापाण्याच्या बातम्या आणि खाली चर्चा. लोक मोकळेपणानं बोलतील म्हणून कोणत्याही नावानं लिहायची मुभा ठेवली. बोलले हो! सकाळी गुलाबाच्या फुलावर 'सुप्रभात' आणि दुपारी एखाद्याच्या आईबहिणीचा उद्धार. समोर भेटल्यावर 'काकाजी, काकाजी' करणारी माणसं तिथे 'स्पष्टवक्ता' होऊन त्याच काकाजींना चोर म्हणतात. वाचताना शिसारी येते, आणि तरी चहा गार होईपर्यंत मी वाचत बसते.

सिहोऱ्याच्या काकू आठवतात? तुमच्याकडून पोती न्यायच्या त्या. अजून पोह्यांची छोटी गिरणी चालवतात. त्या सडका धान वापरतात असं माझ्या वेबसाइटवर कोणीतरी लिहिलं, दुसऱ्यानं अळ्यांचा फोटो टाकला, कुठला देव जाणे. दुकानदारांनी त्यांचा माल घेणं बंद केलं. काल त्या पिशवी घेऊनच आल्या आणि मूठभर पोहे माझ्यासमोर धरले. "खाऊन पाय, बाई. आन् पयले कोनं काढलं हे, तेवढं सांग. मले त्याले तोंडावर इचारू दे, काहून लिवलं म्हनून."

मी खाल्ले. चांगले होते. म्हटलं, "काकू, तेथं खोटे नावं असते, मले नाही समजत."

"तुह्या बाबाच्या फळ्यावर तं नाव राहे," त्या म्हणाल्या.

बाबा, पहिल्या आठवड्यात वेबसाइटवर कोणी फिरकतच नव्हतं. तेव्हा मीच 'जागरूक ग्राहक' या नावानं विचारलं होतं, सिहोऱ्याच्या पोह्यांबद्दल कोणी काही ऐकलंय का? मी काहीच ऐकलं नव्हतं. नुसती चर्चा सुरू व्हावी म्हणून. बाकीचं सगळं लोकांनी लिहिलं, असं कालपासून मनाला समजावते आहे, आणि माझीच मला किळस येते आहे. सोमवारी काकू पुन्हा येणार आहेत. हे त्यांना सांगायचं सोडून मी तुम्हाला लिहिते आहे, कारण तुम्ही आता विचारायला येणार नाही.