सगळा दोष बुटाचा

तीर्थरूप दादा,

साष्टांग नमस्कार. (मनातल्या मनात. प्रत्यक्षात उजव्या पायाचा अंगठा अजून जमिनीला टेकत नाही.) तुझी प्रकृती ठणठणीत असणारच, आजारी पडणं हे धाकट्याचं काम, हे तू लहानपणीच ठरवून टाकलंयस. एवढ्याशा अंगठ्यापायी कुणी आठ दिवस दवाखान्यात राहतं का, असं तू विचारलंस. राहतं. अंगठ्याचं दुखणं हृदयापर्यंत पोचलं की राहावं लागतं.

अंगठा पहिल्यांदा सुजला तेव्हा बूट शिवणाऱ्यानं जे करावं तेच मी केलं. बुटाला दोष दिला. तीस वर्षं लोकांच्या पायांची मापं घेणारा माणूस, त्याचाच पाय चुकेल कसा? लाकडी साच्यावर अंगठ्यापाशी चामड्याची चकती ठोकली आणि तिथे फुगवटा ठेवून नवा जोड शिवला. पुन्हा सूज, पुन्हा चकती. चार वर्षांत पाच जोड झाले. शेवटचा इतका ऐसपैस होता, की अंगठ्याशेजारी एखादा भाडेकरू सुखानं राहिला असता. तू तर माझ्याही पुढे. फोनवरच दुखण्याच्या गोळीचं नाव सांगितलंस (न शिकताही तुला डॉक्टरकी येते, हे आपल्या घराण्याचं भाग्य) आणि मी ती पेपरमिंटसारखी खाल्ली.

मग एकदा दुकानाचं शटर उचलताना अशी धाप लागली, की समोरच्या शिंप्यानं मला उचलून रिक्षात घातलं. दवाखान्यात मूत्रपिंडाच्या डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पाहिला. युरिक ॲसिड नऊ पॉइंट आठ, हवं सातच्या आत. ते मूत्रपिंडांनी बाहेर टाकायचं असतं. माझी तर निम्म्याहून कमी काम करतात, आणि तुझ्या गोळ्यांनी त्यांचं आणखी वाटोळं केलं. थोडं ॲसिड अंगठ्यात खडे होऊन बसलं, बाकीचं रक्तातून गावभर हिंडलं. रक्तवाहिन्या ताठ, रक्तदाब वर, आणि रेटून रेटून हृदयाची भिंत जाड. (कुठेतरी जाड झालो म्हणून बायकोला बरं वाटेल असं मला वाटलं होतं. नाही वाटलं.) हृदयाचे डॉक्टर म्हणाले, ॲसिड हाच गुन्हेगार की गुन्हेगाराच्या शेजारी उभा राहणारा, यावर मोठमोठ्यांचा अजून वाद आहे; पण मूत्रपिंड बिघडलेल्या माणसात ते वाढलेलं दिसलं, की हृदयावर लक्ष ठेवावंच लागतं. मी विचारलं, मग बुटाचं काय? दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि माझ्या कागदावर आणखी एक तपासणी लिहिली.

छातीवर चिकटवलेल्या वायरी बघत पडलो होतो तेव्हा मात्र मी घाबरलो, दादा. फार घाबरलो. आता मीठ कमी, गोळ्या वेळेवर, आणि पाणीसुद्धा विचारून प्यायचं.

वहिनीला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
पाच जोडांचा मालक

ता. क. तू पाठवलेलं तुझ्या बुटाचं माप मिळालं. कागदावर पाय ठेवून छान रेघ मारली आहेस. डावा अंगठा मागच्या मापापेक्षा पाव इंच रुंद, आणि त्याच्याशेजारी तुझ्या सुंदर अक्षरात लिहिलंयस, ‘इथे जरा सैल ठेव.’

आणखी एक ता. क. सैल ठेवणार नाही. चामडं कापणारच नाही. तो कागद मी वहिनीकडे परत पाठवला आहे, सोबत या पत्राची नक्कल. मला सांगितलेली ती गोळी तूही खात असशीलच, ती आजच टाकून दे आणि रक्त तपासून घे. रिपोर्ट येईपर्यंत हवा तर अनवाणी हिंड. पण या बाबतीत तरी माझ्या मागून येऊ नकोस.