वसंताचा ठाव

४ डिसें. १९३४, मंगळ.
सातवीला समुद्राचे थर शिकवले. फळ्यावर तीन पट्टे. वरचा उजेडाचा, तिथं माशांचे थवे. मधला संधिप्रकाशाचा. त्याखाली कायमचा काळोख. तळ्यापलीकडे पाणी पोरांनी पाहिलेलं नाही. मीही नाही. तिसऱ्या पट्ट्याला खडू लावावा लागला नाही, फळा काळाच. तेवढा तसाच सोडला, आणि तिथं वसंता...
धाकटा भाऊ. बोटीवर कारकून. भाद्रपदात एडन सोडल्यावर तापानं गेला. कप्तानानं कळवलं, देह समुद्राला दिला. बाकी काही नाही.

५ डिसें.
सौ. इंदू (लिहिलं खरं 'सौ.'). वसंताची बायको. कुंकू अजून आहे. आई तिला काही म्हणत नाही. आज पहिल्यांदाच दाराआडून माझ्याशी बोलली.
"भावजी, तिथं खोल किती असेल?"
नकाशा बघून सांगतो म्हटलं.

८ डिसें., शनि.
हेडमास्तरांच्या खोलीतला मोठा नकाशा पाहिला. एडन-मुंबईच्या मधोमध सुमारे दोन हजार वाव. आईनं विचारलं, वाव म्हंजी काय. म्हटलं, आपला परसच धर, पुरुषभर खोली. करकंबच्या आमच्या विहिरीला सहा परस पाणी. आई म्हणाली, "तितं उजेड तरी हाय का रं?"
मासिकात वाचलेलं सांगितलं. दोघे जण लोखंडी गोळ्यात बसून तारेनं खाली उतरले. काचेतून दिसलं ते असं, की काळोखातले मासे अंगचाच उजेड घेऊन फिरतात. आईला बरं वाटलं. इंदूनं विचारलं, ते तळाला पोचले का. नाही, पाव वाट गेले असतील. पण तळातले जीव जाळ्यात आलेले आहेत.
"ते खातात काय?"
"वरून पडेल ते."
बोलून गेलो. ती उठून आत गेली.

१२ डिसें.
इंदू दोन घास खाते न खाते. माझ्यासमोर येत नाही.
सात रस्त्याच्या चौकात भर दुपारी थांबावं लागलं. ऊन लख्ख, पण अंगावर पाण्याचं वजन. गिरणीचा भोंगा जाड, लांबून आल्यासारखा. टांगे, माणसं सगळी वर कुठंतरी. मी खाली. पानवाल्यानं हाक मारली तेव्हा...
घरी सांगितलं नाही.

१६ डिसें., रवि.
मामा करकंबहून आले. म्हणाले, तीन महिने होऊन गेले, लोक बोलाय लागलेत. दर्भाचा पुतळा करून क्रिया उरका, पोरीचं मंगळसूत्र उतरवा.
इंदू बाहेर आली. पदर सावरून, खाली बघत म्हणाली, "त्यांचा ठाव लागू द्या. मग मीच उतरवीन."
मामा म्हणाले, मास्तरनं नकाशात बघितलाय की ठाव. सगळे माझ्याकडं बघायला लागले.
म्हटलं, "ती नुसती मधली खोली. देह कुठं सोडला ते कप्तानानं लिहिलेलं नाही. जागा कळल्याशिवाय ठाव कसा सांगू?"
खोटं नाही ते. मामा न जेवता गेले.

१९ डिसें.
आईचं सकाळपासून एकच, कप्तानाला इचारून घे की. तिलाही जागा हवी आहे, हात कुठल्या दिशेला जोडायचे ते कळायला. कागद घेऊन बसलो. मायना लिहिला. पुढं सरकेना.
इंदू दारात. आज आड नव्हती. विचारू का, म्हटलं.
"विचारा."
वळली, पुन्हा थांबली.
"पण सावकाश विचारा."