कानांचं घर

४ फेब्रुवारी

बाईंनी आज माझं तोंड बंद केलं! म्हणजे अगदी रीतसर. आम्हा सगळ्या शिकाऊ मिशनऱ्यांना एकेक घर नेमून दिलंय. रोज दुपारी तिथे जायचं, पडेल ते काम करायचं आणि नुसतं ऐकायचं. त्याला इथे ‘कानांचं घर’ म्हणतात. उपदेश नाही, सल्ला नाही, आणि तिथे ऐकलेलं बाहेर कुठे बोलायचं नाही. “आधी कान, मग तोंड,” भाषेच्या बाई म्हणाल्या. वर्गात आम्ही इतके जण, पण बघत होत्या माझ्याकडेच!

मी! जिला घरी सगळे रेडिओ म्हणतात! आत्या तर निरोपाच्या दिवशी भर मंडळीत म्हणाली, “ही गप्प बसून परकी भाषा शिकणार? येतेच बघा परत.” पप्पा हसले, पण त्यांचा चेहरा उतरला. मला दिसलं ते. त्यांच्यासाठी तरी मी इथे टिकणार. बघच तू, आत्या.

७ फेब्रुवारी

माझं घर म्हणजे एका शिवणवालीचं दुकान. पुढे मशीन, मागे तिची खोली. एकटी राहते, साठीची असेल. मी मनातल्या मनात तिला मावशी करून टाकलंय. मावशी तोंडात टाचण्या धरून बोलते — आणि थांबतच नाही! मला उसवायचं काम दिलंय. एक शब्द कळला असेल तर शपथ.

मध्येच ती थांबते, माझ्याकडे बघते. मग मी गोड हसते, मान डोलावते आणि म्हणते, “प्रभूची स्तुती असो!” बाईंनी शिकवलेलं पहिलं वाक्य. कशालाही चालतं म्हणे. मावशी हसत सुटते.

१५ फेब्रुवारी

फजिती. मला इथली भाषा येते ती सगळी शास्त्रातली आणि प्रार्थनेतली. बादली कशी मागायची ते माहीत नाही, पण पापांची क्षमा मात्र झकास मागता येते. आज पावाच्या दुकानात गेले आणि “तुझ्या दासीवर कृपादृष्टी कर” असलं काहीतरी बोलून बसले. दुकानदार बिचारा गोंधळला. आधी टोपी काढली, मग शिळा पाव दिला.

३ मार्च

सर्दी. दिवसभर झोप. मावशीकडे गेले नाही.

४ मार्च

मावशी रागावली — काल का आली नाहीस! शब्द कळले नाहीत, पण राग जगात सगळीकडे सारखाच असतो. मग मला गरम दूध दिलं. दुधावरची साय मला मुळीच आवडत नाही. गिळली!

२२ मार्च

परीक्षेचं कळलं. जूनमध्ये मंडळीसमोर उभं राहून बोलायचं. ते सोपं. पण खरे गुण बाईंच्या हातात नाहीतच. ज्याच्या घरी आपण जातो त्याने स्वतः येऊन, पुढच्या खुर्चीत बसून सांगायचं — ‘हिचं बोलणं मला समजतं.’ तेवढंच. ते म्हणायला कुणी आलं नाही तर नापास. नापास म्हणजे सामान आवरा आणि घरी चला.

माझी खोलीतली मैत्रीण म्हणते, “तू तुझ्या शिवणवालीला मस्का लाव.” लावते आहे की! कालच तिच्या सगळ्या रिळांचा गुंता सोडवून दिला.

१८ एप्रिल

कळायला लागलं!! सगळं नाही, पण बरंच. मावशी गिऱ्हाइकांच्या नकला करते. लग्नाच्या कोटाचं माप देताना पोट आत ओढणारा नवरामुलगा तर असा काही केला तिने! मी नको तिथे हसत होते आजवर, आज बरोबर जागी हसले. तिच्या लक्षात आलं नाही. वर म्हणते कशी, “तुला काय कळतंय म्हणा! तुला सांगणं म्हणजे भिंतीला सांगणं. बरं वाटतं पण.”

भिंतीला सगळं कळलं. भिंत गालातल्या गालात हसली. सांगितलं मात्र नाही. उगाच कशाला, गंमत जाईल.

९ मे

आज वर्गात दवाखान्याचा धडा. डॉक्टर, सुई, तपासणी, छातीतली गाठ, कापून काढणं. बाई एकेक शब्द फळ्यावर लिहीत होत्या आणि मी वहीत उतरवायचं विसरले. हे शब्द मी रोज ऐकते! मावशी शिवता शिवता हेच शब्द म्हणत असते. फेब्रुवारीपासून.

आणि मी काय म्हणत होते? हसून, मान डोलावून? प्रभूची स्तुती असो!

देवा. मला कुठेतरी तोंड लपवू दे.

१० मे

आज कान देऊन ऐकलं. छातीत गाठ आहे. डॉक्टर म्हणतात, काढली तर बरी होशील, उशीर करू नकोस. ते तारीख देतात, ही जात नाही. बहिणीला सांगितलेलं नाही, कुणालाच नाही. नवरा असाच ऑपरेशनला गेला होता, परत आला नाही. “मी नाही जायची,” म्हणाली आणि दात लावून दोरा तोडला. मग नेहमीसारखी माझ्याकडे बघून हसली.

मला हसता येईना. उसवत बसले. चांगली शिवण उसवून ठेवली!

१७ मे

बाईंना आडून विचारलं — समजा, एखाद्या घरात कुणाच्या जिवावरचं ऐकलं तर? बाई म्हणाल्या, “घरातलं घरात. प्रार्थना कर.” करते आहे. पण प्रार्थनेत सारखं हेच येतं, की अगं बाई, तोंड उघड ना!

उघडलं तर मावशी तुटणार. मावशी तुटली तर खुर्ची रिकामी, आणि मी परतीच्या वाटेवर. पप्पांना काय तोंड दाखवू?

२१ मे

उघडलं.

ती सांगत होती की पुन्हा तारीख आली आहे, पाच जूनची, आणि पुन्हा ती चुकवणार. माझ्या हातातली कात्री खाली पडली आणि मी सुटले! “डोकं फिरलंय का तुमचं? लोकांच्या बाह्या अर्धा बोट कमी झाल्या तर झोप लागत नाही तुम्हाला, आणि स्वतःच्या जिवाची काही किंमत नाही? घाबरलात तर घाबरलात म्हणा! मी येते बरोबर. बाहेर बसते. पण जा!” शास्त्रातला एक शब्द नव्हता त्यात. सगळं तिच्याकडूनच शिकलेलं, तिच्याच तोऱ्यात.

मावशीने तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढून ठेवल्या.

“तुला कळतं?”

“हो.”

“कधीपासून?”

सांगितलं. तिने मशीनवर झाकण घातलं. मग म्हणाली, “तुला कळत नव्हतं म्हणून तर बोलत होते. तेवढी एकच जागा होती मला.” माझ्या हातातला कपडा काढून घेतला. “उद्यापासून येऊ नकोस.”

रस्ताभर रडत आले.

२३ मे

गेले होते. दार उघडलं नाही. आत मशीन चालू होती.

२८ मे

आजही तेच.

५ जून

नापास.

बोलले छान. एकदाही अडखळले नाही, लोक हसायला हवे तिथे हसले. पण पुढची खुर्ची रिकामीच. बाईंनी दोनदा वेळ वाढवून दिली, स्वतः फाटकापर्यंत जाऊन आल्या. “काय झालं तुमच्यात?” त्यांनी विचारलं. घरातलं घरात. पुढच्या आठवड्यात परत जायचं.

आत्याचं खरं झालं. पप्पांना फोन करायचा आहे. उद्या करते. आज नाही जमायचं.

६ जून

मावशीची माफी मागायला गेले. दुकानाला कुलूप. शेजारचा घड्याळजी म्हणाला, “ती? काल सकाळीच गेली की हॉस्पिटलात. ऑपरेशन झालं, शुद्धीवर आहे. तू आलीस तर सांगायला सांगितलंय — भेटायची वेळ चारची.”

काल! पाच तारीख ती चुकवणारच, असं मी धरून चालले होते! मी त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत बोलत होते तेव्हा ती टेबलावर होती.

नापास तर नापास!