सरकारचा खोकला

९ जुलै

वहीबाई, उशीर झाला, माफ कर. निवडून येऊन बरेच दिवस झाले आणि तुला आज सांगतोय. पेन हातात धरवत नव्हतं — आनंदानं नव्हे, भीतीनं. मी, फेस्टी ओ'मेली, वय एकाहत्तर, शाळा अर्ध्यात सोडून होडीवर गेलेला. तो मी संसदेत!

उभा राहिलो ते एवढ्याचसाठी की बेटावरची नर्स निवृत्त झाली आणि तिच्या जागी कुणी येईना. हिवाळ्यात समुद्र खवळला की डॉक्टर इकडे येत नाही नि आजारी माणूस तिकडे जात नाही. आमची बहीण डेलिया विहिरीवरून आली की भिंतीला धरून उभी राहते. भावाला बघवत नाही. नर्स मिळाली नाही तर हिवाळ्याआधी तिला पलीकडे, वृद्धाश्रमात ठेवावं लागेल. "ठेव ना," म्हणते, "आठवड्यात मरून दाखवते."

आमच्याकडे मतदार नावांपुढे पसंतीचे आकडे घालतो. पहिली पसंती मला फारशी कुणी दिली नाही. तिसरी-चौथी सगळ्यांनी दिली. वरची नावं बाद होत गेली तशी ती मतं माझ्याकडे सरकत आली. डेलिया म्हणाली, "लग्नं या पद्धतीनं लागत असती तर तुझंही लागलं असतं रे!"

१५ जुलै, डब्लिन

दोन्ही बाजूंनी डोकी मोजून बघितली. कुणाचीच पुरेनात. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. आयुष्यात एवढे लोक माझ्याकडे एकदाच बघत होते — चर्चमध्ये माझ्या खिशातला खेकडा सुटला होता तेव्हा.

ज्यांना पंतप्रधान व्हायचं होतं त्या गृहस्थांनी मला चहाला नेलं. "काय हवं तुम्हाला?" नर्स. "आणि?" नर्स. त्यांचा चेहरा पडला. बंदर मागेल, पूल मागेल अशी तयारी करून आले असावेत.

मत दिलं. सरकार झालं! नव्या मंत्र्यांनी काळ्या गाड्यांच्या पुढे उभं राहून फोटो काढले. ड्वायर म्हणून आरोग्यमंत्री आहेत, त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "आदेश निघालाच म्हणून समजा, फेस्टी. पोस्टात आहे."

२ ऑगस्ट

पोस्टात आहे.

२० सप्टेंबर

बेटावर आलो. कोलमनच्या बोटीत चढताना त्यानं मला काखेत हात घालून उचलला. "मधोमध बसा, सरकार! तुम्ही कलंडलात तर देश कलंडेल." आता सगळं बेट मला 'सरकार' म्हणतं. सरकार, तुमचं गाढव माझ्या बटाट्यांत शिरलंय. सरकार, तुमची चड्डी वाऱ्यानं उडाली. डेलिया तेवढी म्हणत नाही. ती म्हणते, "नर्स कुठाय?"

तिला सांगितलं, पोस्टात. "मग बाई घडी घालून पाठवलीय का?"

१३ ऑक्टोबर, डब्लिन

सर्दी झाली. सभागृहात दोनदा खोकलो. तिसऱ्यांदा खोकलो तर मंत्र्यांची अख्खी रांग मागे वळली! प्रतोद हनॅफी — सरकारी बाजूची मतं गोळा करायचं काम यांचं — धावत आले. गळ्यात स्वतःचा मफलर गुंडाळला. "अहो फेस्टी, एका मतावर उभे आहोत आम्ही! न्यूमोनिया तुम्हाला परवडेल, आम्हाला नाही."

संध्याकाळी डॉक्टर आला. मी न बोलावता.

१५ ऑक्टोबर

आज दुसरा डॉक्टर. यानं पाठीला नळी लावली, घड्याळाकडे बघितलं, हनॅफींकडे बघितलं. "ठणठणीत आहेत! अर्थसंकल्पापर्यंत काही होत नाही यांना." दोघे हसले. मीही हसलो. मोठ्या माणसांत हसायचं कधी ते कळत नाही, म्हणून सगळ्यांबरोबर हसतो.

खोकला आहे तसाच.

४ नोव्हेंबर

माझी बॅग मला उचलू देत नाहीत. जिन्यावर एक माणूस पुढे, एक मागे. शिक्षणमंत्र्यांनी मध पाठवला, अर्थमंत्र्यांनी लोकरीचे पायमोजे. मंत्रिमंडळाच्या बैठकीत रोज पहिला प्रश्न हाच म्हणे — फेस्टीला झोप लागली का?

आणि आमच्या बेटावर अर्धी म्हातारी माणसं खोकतायत, त्यांना विचारायला एक नर्स नाही. हे हनॅफींना बोलून दाखवलं. ते म्हणाले, "अगदी खरंय. स्वेटर घातलाय ना आत?"

८ डिसेंबर

ड्वायरसाहेब बेट बघायला आले. धक्का सुटल्यापासून बोटीच्या कडेवर वाकलेले, ते उतरेपर्यंत. ओल्या दगडावर बसले, रंग शेवाळासारखा. डेलियानं चहा नि सोडा-ब्रेड नेऊन दिला. त्यांनी ब्रेडकडे बघून डोळे मिटले.

"नर्स बोलवू का?" डेलियानं विचारलं.

कोलमन पाण्यात पडायचाच बाकी होता हसून. मला मात्र धडकी भरली. मंत्री रागावला तर? पण ते क्षीण आवाजात म्हणाले, "अर्थसंकल्प मंजूर झाला की त्याच संध्याकाळी सही करतो. आईशपथ." म्हणजे पोस्टात नव्हताच तो. सहीच झालेली नव्हती.

डेलिया आत येऊन भिंतीला टेकली. ती बोलली नाही की मला झोप येत नाही.

२६ जानेवारी, डब्लिन

उद्या मतदान. अर्थसंकल्पात मेणबत्त्यांवर कर घातलाय. आमच्याकडे वीज नाही, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. विरोधकांचं म्हणणं, ते कलम खरडून टाका. मला मनातून पटतं. पण मेणबत्तीशिवाय डेलिया अंधारात बसू शकेल, नर्सशिवाय नाही. मी सरकारबरोबर.

हनॅफींनी समजावलं, "दोन दरवाजे आहेत. एकावर तॉ, एकावर नील. तुम्ही तॉमधून जायचं, बस." मला शिकवतायत! माझी तर जन्माची भाषा ती. आमच्या आयरिशमध्ये 'हो' असा शब्दच नाही. जेवलास का विचारलं तर माणूस 'जेवलो' म्हणतो. तॉ म्हणजे 'आहे', नील म्हणजे 'नाही'. आधी प्रश्न काय ते ऐकायचं, मग उत्तर द्यायचं. हे शहरी लोक न ऐकताच दरवाजा धरतात.

२७ जानेवारी

देवा! काय करून बसलो!

हनॅफी ऐन वेळी पाय सुजलेल्या एका सदस्याला आणायला पळाले. मी एकटा. सभापतींनी प्रश्न वाचला — "खरडून टाकावेत म्हणून सुचवलेले शब्द कायम राहावेत." मी नीट ऐकलं. ऐकलं हीच चूक. खरडून टाकायचे? मी मनात म्हटलं, नाही, मुळीच नाही! आणि ताठ मानेनं नीलमधून गेलो.

आत सगळे विरोधक. एकानं माझी टोपी सरळ केली. एकजण रडत होता. मला वाटलं, बिचारे हरले म्हणून रडतायत.

एका मतानं सरकार पडलं. प्रश्न शब्द 'कायम' ठेवायचा होता; नील म्हणजे कलम उडवा, हे मग कळलं. ड्वायरसाहेब माझ्यापुढून गेले. मी म्हटलं, साहेब, ती सही... ते थांबले नाहीत. हनॅफी नुसते उभे. मफलर परत करायला गेलो तर म्हणाले, "राहू द्या."

२९ जानेवारी

बॅटरीच्या रेडिओवर सांगतायत — बेटावरच्या गरिबांच्या मेणबत्तीसाठी म्हाताऱ्यानं सरकार पाडलं. 'निर्भय' म्हणाले मला! धक्क्यावर लोकांनी टोप्या काढल्या. कोलमननं आज काखेत हात घातला नाही. "तुम्ही आपले आपण चढाल," म्हणाला. त्याचा मान देण्याचा प्रकार.

डेलिया दारात होती. "जन्मात पहिल्यांदा कशावर तरी ठाम राहिलास रे." डोळ्यांत पाणी. तिला कसं सांगू! हे फक्त तुला माहीत. तोंड बंद ठेव.

११ फेब्रुवारी

परत निवडणूक. मी उभा नाही. छाती धडधडते, चढ चढवत नाही. पण दोन्ही पक्षांना आता बेट सापडलंय. एकानं नर्स देतो म्हटलं, दुसऱ्यानं नर्स आणि सायकल.

१६ फेब्रुवारी

नर्स आली!! ड्वायरसाहेबांनी जाता जाता सही केली. त्यांची जागा धोक्यात आहे म्हणे. इतके महिने त्यांच्या बाजूनं होतो तेव्हा आली नाही. एकदा विरोधात गेलो, तेही वाट चुकून, तर पहिल्या बोटीनं हजर.

कीव्हनी नाव. तरणी आहे, बोटीत अजिबात उलटी झाली नाही. उद्या डेलियाला तपासणार. मी आज झोपेन.

१७ फेब्रुवारी

डेलियाची छाती घोड्यासारखी आहे म्हणे! धाप लागते ती बादल्या एकदम दोन आणते म्हणून. "आणि येताना वाटभर बोलते म्हणून," मी म्हटलं. डेलियानं पळी उगारली.

मग कीव्हनी म्हणाली, "आता तुम्ही, आजोबा. शर्ट काढा." मी म्हटलं, मला काय झालंय! राजधानीतल्या डॉक्टरांनी तपासलंय, ठणठणीत आहे, हे सगळ्या मंत्रिमंडळाला माहीत आहे.

तिनं नळी लावली. परत लावली. डेलियाची बडबड हातानं थांबवली. "आजोबा, त्यांनी ऐकलं होतं ना नीट?"

१ मार्च

पलीकडे नेऊन छातीचा फोटो काढला त्याला बरेच दिवस झाले. रोज पोस्टात जाऊन फोन करतो. तिकडची बाई गोड बोलते — रिपोर्ट पोस्टात आहे.

अहो, कळवा हो. मोठं पत्र नको. डेलिया भिंतीला धरून उभी आहे. तॉ की नील, एवढंच. लवकर कळवा.